हाकेला ओ

आमचं शिवथरचं खोरं सह्याद्रीच्या कुशीत अगदी आत दडलेलं. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी गावं आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते. त्यामुळे आमच्याकडे हाक मारायची पद्धत अजून टिकून आहे. पलीकडच्या वाडीतून कुणीतरी हाळी देतं आणि अलीकडून कुणीतरी "ओ" देतं. हाक मारणारीला आधी तेवढंच हवं असतं. आपलं कुणीतरी ऐकलं, एवढं कळलं की जीव भांड्यात पडतो. काम काय ते मागाहून. म्हणूनच एखाद्या बाईचं मनापासून कौतुक करायचं झालं, तर आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, "ती ना, हाकेला ओ देणारी आहे."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक शब्द. महाडला माझी एक ख्रिस्ती मैत्रीण आहे, शाळेत शिक्षिका आहे. बोलता बोलता ती एकदा म्हणाली, "आमच्यात याला पाचारण म्हणतात." देव माणसाला एखाद्या कामासाठी बोलावतो, ते पाचारण. मला गंमत वाटली. हा शब्द आपण रोज पेपरात वाचतो. कुठे आग लागली की अग्निशमन दलाला 'पाचारण' करतात. मग वाटलं, बरोबरच तर आहे! आगीचा बंब बोलावला की तो काही हार-तुरे घ्यायला येत नाही. आग विझवायला येतो, विझवतो आणि निघून जातो. ज्याला बोलावलं त्याचं महत्त्व नसतं. महत्त्व असतं, जिथे बोलावलं त्या आगीचं.

मैत्रिणीने आणखी एक शब्द सांगितला, 'लीनता'. देवाची हाक आली तर ती लीन होऊन घ्यावी, असं त्यांच्या धर्मात सांगितलंय. बायबलमधल्या गोष्टीही तिने सांगितल्या. मोशेला देवाने बोलावलं तेव्हा तो म्हणाला, मला नीट बोलता येत नाही. यिर्मयाने आपलं वय लहान असल्याचं कारण पुढे केलं. नासरेथच्या मरियेला निरोप आला, तेव्हा तिने आधी प्रश्न विचारला आणि मग स्वतःला देवाची दासी म्हणवून होकार दिला. आणि खुद्द येशूने शेवटच्या रात्री कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले.

हे ऐकताना भारावून जायला होतं. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? 'नम्रता' म्हटलं की मी जरा सावध होते. आपल्याला हा शब्द नवा का आहे? "मुलीच्या जातीने नम्र असावं" हे आपण परकरी वयापासून ऐकत आलो. खाली मान, हळू आवाज, पुढे पुढे करायचं नाही. मग देवाने हाक मारली तरी बाईने मान खालीच घालून बसायचं का? या प्रश्नाचं उत्तर मला ज्या बाईच्या चरित्रात मिळालं, तिच्याविषयी आज लिहायचंय. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

वरंधा घाट ओलांडून

काही वर्षांपूर्वी आम्ही सामाजिक काम करणाऱ्या चार बायका वरंधा घाटाने भोरवरून पुण्याला आणि तिथून सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यातल्या केडगावला गेलो होतो. रमाबाईंचं 'मुक्ती मिशन' तिथे आहे. कॉलेजात बी.ए.ला असताना रमाबाईंवर चार ओळींची टीप लिहिली होती, तेवढीच त्यांची माझी ओळख. तिथून आल्यावर मात्र मिळेल ते वाचत गेले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न. बायकांना संस्कृत शिकवू नये असं सगळं जग म्हणत असताना त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांचा विरोध झाला म्हणून गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. लहानग्या रमेला पहाटे उठवून आई पाठ देई. पुढे घरची गरिबी, तीर्थयात्रा, पुराणं सांगून मिळेल त्यावर गुजराण. मग दुष्काळ आला. आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेली. उरली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं बहीणभाऊ देशभर पायी हिंडली.

१८७८ साली ही वीस वर्षांची मुलगी कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. अन्नान्न दशेत हिंडणाऱ्या मुलीला एकदम सरस्वती म्हणून मान मिळाला. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. दीड-दोन वर्षांत नवराही गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. कडेवर मनोरमा नावाची छोटी मुलगी. अशा बाईने काय करावं असं त्या वेळच्या समाजाला वाटत असेल, ते मी सांगायला नको. रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला.

ऐकायला कमी, पण…

आता यातली गोष्ट ऐका. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. आपल्या बायकांना बाई डॉक्टर हवी, हे त्यांना कळलं होतं. तीच आपली वाट, असं त्यांनी ठरवलं होतं. पण त्यांना ऐकायला कमी यायचं. तेवढ्यासाठी वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला.

विचार करा. सातासमुद्रापार, परक्या मुलखात, पदरात लहान मूल, आणि ज्यासाठी आलो तेच दार बंद! आपण असतो तर नशिबाला बोल लावून परतीचं तिकीट काढलं असतं. रमाबाई तिथेच राहिल्या आणि समोर काय आहे ते बघत राहिल्या. त्या वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे उतरल्या होत्या. या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक घर होतं. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे आसरा देत. 'पतित' म्हणून जिचं तोंडही बघायचं नाही, अशा बाईला कुणी मायेने जवळ घेतं आणि पुन्हा उभं करतं, हे रमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. याचं मूळ कुठे, असं विचारल्यावर भगिनींनी त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला दिली. पाच नवरे झालेली, लोक नावं ठेवतात अशी ती बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माची मोठमोठी तत्त्वं बोलत बसतो. रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात या अनुभवाबद्दल लिहिलंय.

२९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! पण त्यांनी स्वतःच पुढे जे सांगितलंय, ते मला जास्त मोलाचं वाटतं. ख्रिस्ती धर्म मला तेव्हा मिळाला, पण ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षं लागली, अशा अर्थाचं त्या लिहितात. १८९१ च्या सुमारास एक पुस्तक वाचताना त्यांना कळलं की आपण डोक्याने पटवून घेतलं होतं, मन अजून रितंच होतं. जगाने ज्या बाईला पंडिता म्हटलं, ती 'मला कळलं नव्हतं' असं छापून सांगते. नम्रता ही अशी असते.

नम्र म्हणजे गप्प नव्हे

आता माझ्या त्या प्रश्नाकडे वळू. देवापुढे लीन झालेली ही बाई माणसांपुढे कशी होती?

इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा प्रश्न आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला. हिंदुस्थानात याचा वाईट अर्थ निघेल म्हणे! रमाबाईंनी हे मुळीच ऐकून घेतलं नाही. माझ्याविषयीचा निर्णय मला न विचारता होतोच कसा, असा त्यांचा रोख होता. ज्यांना त्या आईसारखं मानत, त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशीही त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. चर्च सांगतं ते मुकाट्याने मानावं, असं सिस्टरांचं म्हणणं. त्यावर रमाबाईंनी कळवलं, की पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता दुसऱ्यांचं जोखड मानेवर घेणार नाही. शब्द माझे आहेत, पण आशय त्यांचा.

मला हे वाचून केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! देवापुढे मान लवते, म्हणून ती दर माणसापुढे लववायची नसते. उलट, जिने आपली मान एकदा योग्य जागी लववली, तिला ती इतर ठिकाणी ताठ ठेवता येते.

हे सगळं मी का लिहिते? आमच्या बचत गटातल्या एका मुलीसाठी. वय तीसच्या आत, नवरा मुंबईत अपघातात गेलेला, दोन मुलं. गावात आजारी माणसांची शुश्रूषा करायची तिला उपजत समज. रात्री-अपरात्री कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाला ताप चढला, तर लोक हिलाच उठवतात. तिला नर्सिंगचा कोर्स करायचा होता. सासरच्यांचं म्हणणं एकच, "फुकट सेवा करतेस ते पुण्य आहे. शिकायला बाहेर गेलीस तर मिजास येईल. बाईने नम्र असावं." ती माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "ताई, मला मोठं व्हायचं नाहीये हो. मला फक्त सुई नीट टोचता यायला हवी."

त्या वाक्यात सगळं आलं. तिला हाक ऐकू आली होती. आणि जे येत नाही ते शिकून घ्यावं, हे कळण्याइतकी ती नम्र होती. आपल्याला सगळं येतं, आता आणखी काय शिकायचं, असं म्हणणारा उद्धट. ती तर शिकायला निघाली होती, तरी मिजासखोर ठरली तीच.

मदर तेरेसांचं असंच. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना हाक आली, की शाळेची सुरक्षित भिंत सोडून गरिबातल्या गरिबांत जावं. पण त्या तशाच उठून गेल्या नाहीत. परवानगीसाठी जवळजवळ दोन वर्षं थांबल्या. मग थेट वस्तीत न जाता आधी पाटण्याला जाऊन रुग्णसेवेचं थोडं शिक्षण घेतलं. नंतर मोतीझील झोपडपट्टीत काठीने जमिनीवर अक्षरं काढून मुलांना शिकवायला बसल्या. त्यांची पत्रं २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा जगाला कळलं की पुढची कित्येक वर्षं त्यांना आतून देवाचा काही प्रतिसादच जाणवत नव्हता. तरी काम सुटलं नाही. हाक एकदाच येते, ओ मात्र रोज द्यावी लागते.

पंडितेची साधी मराठी

रमाबाई अमेरिकेलाही गेल्या. ११ मार्च १८८६ ला त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या. आपल्याला जे व्हायचं होतं ते दुसरी होताना डोळे भरून पाहणं, हीसुद्धा एक परीक्षाच. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडलं. वर्षभराने ते पुण्यात आलं.

पुढे वाद झाले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं. रमाबाई स्वतःची प्रार्थना खोलीचं दार उघडं ठेवून करत आणि मुली येऊन बसत. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. मी स्वतः हिंदू घरातली. पालकांना काय वाटलं असेल ते मला समजतं. तो वाद आजही संपलेला नाही आणि या लेखात तो मिटणारही नाही. पण मित्र सोडून गेल्यावर, वर्तमानपत्रांतून झोड उठल्यावर रमाबाईंनी काय केलं, तेवढं मी बघते. त्यांनी दार बंद केलं नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी आपण अशाच दुष्काळात आईबापांना गमावलं, हे त्या विसरल्या नव्हत्या. स्वतः तिकडे जाऊन सुमारे तीनशे मुली-बायकांना त्यांनी आणलं. केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांवर माणसं होती. विणकाम, तेलाचा घाणा, शेती, गाई-गुरं, छापखाना, सगळी कामं बायका करत. आंधळ्या मुलींना मनोरमाने ब्रेल शिकवली. पंगतीत दीड हजार पानं रोज वाढायची, हे नुसतं मनात आणून बघा! घरात चार पाहुणे जास्त आले तर आपल्या पोटात गोळा येतो.

पण रमाबाईंचं मला सगळ्यात भावलेलं काम वेगळंच आहे. त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. तोपर्यंतच्या भाषांतरातली मराठी जड, संस्कृत वळणाची होती. मुक्तीतल्या दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरं जुळवायला शिकलेल्या मुलींना ती कळेना. मग या संस्कृत पंडितेने पन्नाशीच्या आसपास मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकायला घेतल्या आणि पुढची वर्षानुवर्षं बसून साध्या मराठीत बायबल लिहिलं. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका.

इथे क्षणभर थांबा. जिच्या जिभेवर हजारो श्लोक, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलं, ती बाई आपलं सगळं संस्कृत बाजूला ठेवते. का? तर एका पोरक्या, काल अक्षर शिकलेल्या पोरीला वाचता यावं म्हणून. आपल्याकडे असलेली सगळ्यात भारी पैठणी कापून तिची बाळासाठी दुपटी शिवावीत, तसं झालं हे. भाषेच्या सौंदर्याचं काय, असं विद्वान विचारतील. विचारोत. ज्यांच्यासाठी हाक आली, त्यांच्या कानाला कळेल अशी ओ रमाबाईंनी दिली.

आम्हा शिवथरकरांना हे कळणं सोपं आहे. आमच्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला अशी श्रद्धा आहे. तोही साध्या मराठीत, प्रपंच करणाऱ्या माणसाला समजेल असा. १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ही घळ शोधून काढली आणि तेव्हापासून लोक येऊ लागले. घळीत समर्थ सांगताहेत आणि कल्याणस्वामी लिहून घेताहेत, अशा मूर्ती आहेत. येणारे आधी समर्थांना हात जोडतात, ते योग्यच. पण मला वाटतं, लिहून घेणाऱ्यापाशीही दोन मिनिटं थांबावं. दुसऱ्याचा शब्द आपल्या हाताने उतरवायचा आणि त्यात आपलं काही घुसडायचं नाही, हे सोपं नसतं. रमाबाईंनी केडगावला जे केलं ते याच जातीचं काम.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. हाताशी आलेली, मुक्तीचा भार उचलणारी एकुलती एक मुलगी. तरी आईने लेखणी खाली ठेवली नाही. भाषांतराचं काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते त्यांच्या माघारी. आपल्या कामाचं फळ बघायला आपण असूच, असा हट्ट नाही. मुक्ती मात्र अजून आहे.

लक्ष्मीबाईंची वाट

तुम्ही म्हणाल, रमाबाई लोकोत्तर. आपल्यासारख्या चूल-मूल सांभाळणाऱ्यांनी काय करायचं? तर मग लक्ष्मीबाई टिळकांकडे बघा. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर या दिवाळीला साडीऐवजी ते पुस्तक मागा!

कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. चार-पाच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. नंतर नवऱ्याकडे आल्या, पण सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. नवऱ्याची हाक ही आपली हाक नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणी कितीही समजावलं तरी त्या हलल्या नाहीत. मग एक दिवस त्यांच्याच मनात विचार आला, की ही जातपात देवाने केली की माणसांनी? माणसांनी केली असेल तर मी का पाळते? त्यांनी ठरवलं, आजपासून कुणाच्याही हातचं खायचं. नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही, मिशनऱ्यांनी सांगितलं म्हणून नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो असा, आपल्या पायाने चालत जाऊन.

शिक्षण म्हणाल तर जेमतेम अक्षरओळख. पण घरात अनाथ पोरं आणून वाढवली. १९१९ साली टिळक गेले आणि 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अर्धं राहिलं. ते या बाईने पुरं केलं. आणि 'स्मृतिचित्रे'त स्वतःची जी थट्टा केलीय, ती वाचताना हसू आवरत नाही. स्वतःवर हसता येणं ही नम्रतेची घरगुती जात आहे. ती आपल्या प्रत्येकीला परवडण्यासारखी आहे.

आपल्या अंगणात

२२ जुलै २०२१ चा दिवस आमच्या महाड तालुक्यातलं कुणीही विसरणार नाही. तळीयेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. महाड शहर पुरात बुडालं. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल. महाराष्ट्रभरातून मदत आली, माणसं आली, आणि त्यांचे उपकार आम्ही फेडू शकत नाही. पण मदतीतही दोन तऱ्हा दिसल्या. काहींचा अर्धा वेळ बॅनर नीट दिसतोय ना, हे बघण्यात गेला. आमच्या गटातली एक वहिनी मात्र तीन दिवस जेवणाच्या ठिकाणी मागच्या बाजूला बसून भांडी घासत होती. पुढे कधीतरी सत्कार झाला, त्या यादीत तिचं नाव नव्हतं. मला वाईट वाटलं, तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "भांडी स्वच्छ होती ना? मग झालं तर."

पण याच वहिनीने पुढच्या ग्रामसभेत उभं राहून, आमच्या वाडीच्या वरच्या डोंगराला भेग पडलीय, तिची पाहणी कधी होणार, असं तीनदा विचारलं. "खाली बसा" म्हटलं तरी बसली नाही. स्वतःचं नाव राहिलं त्याची खंत नाही, वाडीचं नाव राहिलं तर मात्र गप्प बसणार नाही. नम्रता ओळखायची माझी खूण आता हीच आहे. माणूस कशासाठी भांडतो आणि कशासाठी भांडत नाही, ते बघायचं.

हाक खरी की मनाचे खेळ, हे कसं ओळखायचं, असं मला बायका विचारतात. मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही. पण या दोघींच्या चरित्रांतून मला जे उमगलं ते सांगते. खऱ्या हाकेत दुसऱ्याची गरज आधी ऐकू येते, आपलं नाव मागाहून. ती हाक आपल्याला शिकायला लावते. एक दार बंद झालं तरी ती थांबत नाही, दुसरीकडून येते. आणि ती आपली आपल्यालाच ऐकावी लागते. नवऱ्याने ऐकली म्हणून बायकोला ऐकू आली असं होत नाही, आणि सासूला ऐकू आली नाही म्हणून सुनेची हाक खोटी ठरत नाही. देव ख्रिस्ती माणसाचा असो, नाहीतर विठोबा, नाहीतर आणखी कुणाचा. बोलावणं येतं ते बहुधा शेजारच्या घरातून, रडण्याच्या किंवा कण्हण्याच्या आवाजात.

नर्सिंगच्या कोर्सचं विचारणाऱ्या त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही चौघी तिच्या सासऱ्यांना जाऊन भेटलो. रमाबाईंचं नाव काढलं असतं तर ते आणखी बिथरले असते. तेव्हा एवढंच म्हटलं, "मामा, उद्या रात्री तुमच्या छातीत कळ आली तर हाक कुणाला माराल?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरांना कोण बघणार?" त्यावर तिची सासूच आतून म्हणाली, "मी आहे ना."

गेल्या जूनमध्ये तिने फॉर्म भरला.